‘येथे थांबून चालणार नाही’

टोकियोच्या पूर्व सीमेवर, अराकावा आणि एदोगावा या दोन नद्यांच्या बेचक्यात, समुद्राला लागून एदोगावा नावाचा वॉर्ड आहे. वॉर्ड म्हणजे आपल्याकडचा प्रभाग नव्हे. टोकियोतील २३ वॉर्डांना स्वत:चा महापौर आहे, स्वत:ची निर्वाचित सभा आहे आणि एदोगावाची लोकसंख्या सुमारे सात लाख आहे. या वॉर्डाने मे २०१९ मध्ये घरोघर एक पूरनकाशा पाठविला. मुखपृष्ठावर वॉर्डाच्या आकृतीवरच एक वाक्य छापले होते. त्याचा मराठी अर्थ, ‘येथे थांबून चालणार नाही’. भरतीच्या वेळी या वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन समुद्रपातळीच्या खाली असते. मोठा पूर आला तर वॉर्डाच्या हद्दीत आसरा मिळणे कठीण, तेव्हा वेळीच बाहेर पडा, असे पालिका आपल्याच करदात्यांना बजावत होती. देशभर त्या वाक्याची चर्चा झाली. आपल्याकडे एखाद्या महापालिकेने असे छापले असते तर बांधकाम व्यावसायिकांनी दुसऱ्याच दिवशी आयुक्तांच्या दालनात ठिय्या दिला असता.

पाच महिन्यांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, हगिबिस हे वादळ टोकियोवर आले. एदोगावाने सुमारे ४ लाख ३० हजार रहिवाशांना घरे सोडण्याचा सल्ला दिला. त्यांपैकी सुमारे ३५ हजार लोक निवारा केंद्रांत गेले. नद्यांचे बांध टिकले आणि मोठा अनर्थ टळला.

या घटनेकडे मराठी वाचकाने लक्ष द्यावे, याचे कारण असे की, जपानमध्ये सर्वाधिक भारतीय राहतात तो वॉर्ड हाच. त्यातील निशी-कासाई या स्थानकाच्या परिसराला ‘छोटा भारत’ म्हणण्याची रीत पडली आहे. नकाशा वाटला गेला त्याच्या एकच महिना आधी, एप्रिल २०१९ मध्ये, येथील मतदारांनी अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक यांना वॉर्डाच्या सभेवर निवडून दिले होते. त्यांना ६४७७ मते मिळाली आणि जपानमध्ये निवडून आलेले भारतीय वंशाचे पहिले लोकप्रतिनिधी म्हणून त्यांचे नाव आपल्या वृत्तपत्रांतही झळकले. त्या नकाशावरचे वाक्य आणखी एका कारणाने लक्षात राहते. ते अत्यंत सोप्या जपानीत आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला, शाळकरी मुलाला, नुकत्याच उतरलेल्या परदेशी कुटुंबालाही ते समजावे. जपानी सरकारी कागदाच्या बाबतीत ही साधी गोष्ट नाही.

हा विषय आज काढण्याचे कारण २०२५ च्या उन्हाळ्यातील दोन घटना. ऑगस्ट २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या टोकियो भेटीत दोन्ही देशांनी मनुष्यबळाच्या देवाणघेवाणीचा आराखडा जाहीर केला. पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी मिळून पाच लाख लोकांची ये-जा व्हावी आणि त्यात ५० हजार कुशल भारतीय जपानला जावेत, असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याआधी महिनाभर, जुलै २०२५ मध्ये, जपानच्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत ‘जपानी प्रथम’ ही घोषणा देणाऱ्या सानसेइतो या छोट्या पक्षाने १४ जागा जिंकल्या. एका हाताने निमंत्रण आणि दुसऱ्या हाताने दार लोटणे, असे हे चित्र आहे. या दोहोंच्या मध्ये जो माणूस सापडणार आहे त्याचे रोजचे जगणे कसे असते, हे मुत्सद्द्यांच्या निवेदनांतून कळत नाही.

आकडे प्रथम पाहू. जपानमधील परदेशी रहिवाशांची संख्या २०२४ च्या अखेरीस ३७ लाख ६८ हजारांवर गेली आणि २०२५ च्या जूनअखेर ती ३९ लाख ५६ हजारांवर पोहोचली. बारा कोटींहून अधिक लोकांच्या देशात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या थोडे वर आहे. युरोपच्या मानाने ते किरकोळच. पण २०२४ मध्ये जपानी नागरिकांच्या संख्येत एका वर्षात नऊ लाखांहून अधिक घट झाली आणि जन्म सात लाखांच्या खाली गेले, हे त्यासोबत वाचले पाहिजे. पुणेकरांना नदी सुधार प्रकल्पाच्या कर्जामुळे ठाऊक असलेल्या ‘जायका’ या संस्थेचा अंदाज असा की, अर्थव्यवस्थेची अपेक्षित वाढ साधायची तर २०४० पर्यंत जपानला ६७ ते ६९ लाख परदेशी कामगार लागतील. भारतीयांची संख्या २००० मध्ये दहा हजारांच्या आसपास होती. २०२४ च्या अखेरीस ती ५४ हजारांच्या घरात होती.

हे भारतीय निशी-कासाईतच का जमले, याची कथा बोधप्रद आहे. कोलकात्याहून आलेले चहाचे व्यापारी जगमोहन चंद्राणी १९७९ च्या सुमारास या भागात स्थायिक झाले, तेव्हा तेथे भारतीय जवळपास नव्हतेच. २००० सालच्या संगणकीय संकटाच्या धास्तीने जपानी बँकांनी भारतीय अभियंते बोलाविले. त्यांची कार्यालये ओतेमाचीच्या परिसरात होती आणि निशी-कासाईहून तोझाई मार्गाची गाडी थेट तेथे जाते. पण गाडी थेट जाते म्हणून घर मिळते असे नाही. जपानमध्ये घर भाड्याने घेताना अनामत रकमेखेरीज ‘रेइकिन’ म्हणजे घरमालकाला द्यावयाची, परत न मिळणारी ‘आभाराची रक्कम’ द्यावी लागते, शिवाय हमीदार लागतो. नुकत्याच उतरलेल्या माणसाला जपानी हमीदार कोठून मिळणार? निशी-कासाईत निमसरकारी गृहनिर्माण संस्थेच्या मोठ्या वसाहती होत्या. त्यांना हमीदार नको होता, आभाराची रक्कम नको होती आणि भाडेकरूचे राष्ट्रीयत्व पाहण्याची गरज वाटत नव्हती. ‘छोटा भारत’ उभा राहिला तो मुख्यत: भाडेकराराच्या या तीन अटी गळाल्यामुळे. संस्कृतिसंगमाचे गोडवे नंतर गायिले गेले.

अन्यत्र काय होते, हे जपानच्या न्याय मंत्रालयानेच २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नोंदले आहे. मागील पाच वर्षांत घर शोधलेल्या परदेशी व्यक्तींपैकी सुमारे ३९ टक्के लोकांना केवळ परदेशी म्हणून नकार मिळाला होता. हा नकार बहुधा अत्यंत नम्र असतो. दलाल कमरेत वाकून, खेद व्यक्त करून सांगतो की, घरमालकांना अडचण आहे. तो आकडा वाचून आपण नाक मुरडण्याआधी पुण्यातील कोथरूड-औंधच्या सोसायट्यांत आडनाव, आहार आणि अविवाहितपण विचारून खोली नाकारली जाते, ती पाहणी कोणी केली आहे काय, हेही विचारलेले बरे. तेथे निदान सरकारने मोजले.

घर मिळाले की कागदांचा संसार सुरू होतो. नव्या पत्त्याची नोंद १४ दिवसांच्या आत पालिकेत करावी लागते. सोळा वर्षांवरील परदेशी व्यक्तीने निवासपत्र सतत जवळ बाळगायचे असते. राष्ट्रीय आरोग्य विमा, निवृत्तिवेतनाची वर्गणी, रहिवासी कर, मुलांच्या लसींचे वेळापत्रक ही सारी पाकिटे टपालपेटीत येत राहतात आणि ती कांजीत असतात. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने भाषांतर करण्याची सोय आता झाली आहे. तिने शब्द कळतात, पाकिटाचे गांभीर्य कळत नाही. कोणते पाकीट जाहिरातीचे आणि कोणते न उघडल्यास दंड होईल, हे ओळखण्याची दृष्टी यायला दोनेक वर्षे जातात.

कचऱ्याची परीक्षा त्याहून सार्वजनिक. जळणारा, न जळणारा, पुनर्वापराचा असे वर्ग, प्रत्येकाचा वार ठरलेला, सकाळची वेळ ठरलेली आणि कावळ्यांनी उकरू नये म्हणून वर जाळी. वर्ग चुकला की पिशवी उचलली जात नाही. चिठ्ठी लावून तेथेच ठेवली जाते आणि दिवसभर ती तुमची साक्ष देत बसते. कोणी ओरडत नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेची कचरावेचक भगिनी दारात येऊन ‘ओला-सुका वेगळा करा’ म्हणून दटावते, तेव्हा तिच्याशी वाद घालता येतो आणि त्या वादातून ओळखही होते. चिठ्ठीशी वाद घालता येत नाही. परक्या माणसाचा जपानी शहरातील एकटेपणा असा शिस्तबद्ध असतो. त्यात अपमान क्वचितच होतो, म्हणून तक्रारही करता येत नाही.

गल्ली-गल्लीत शेजारमंडळे आहेत. त्यांची ‘कायरानबान’ नावाची फिरती सूचनावही एका घरातून दुसऱ्या घरात जाते. त्यात सफाईचा दिवस, आपत्ती कवायत, उन्हाळी उत्सव, चोरीचा इशारा असे सारे असते. वाचून आपला शिक्का उमटवायचा आणि शेजाऱ्याच्या दारी ठेवायची. ज्याला वाचता येत नाही तो शिक्का मारतो आणि पुढे देतो; किंवा त्याचे घर हळूहळू यादीतून गळते. दोन्ही बाजूंना त्यात सुटल्यासारखे वाटते, ही खरी अडचण आहे.

जेवणाचे बोलायचे तर शाकाहारी मराठी कुटुंबाचा कस येथे लागतो. सुकविलेल्या बोनितो माशाचे सार जपानी स्वयंपाकाच्या मुळाशी आहे. भाजीच्या रश्शात, सोयाबीनच्या सुपात, कित्येकदा नुसत्या उकडलेल्या पालकावरही ते असते. ‘मासा नको’ म्हटले तर वाढपी मासा काढून ठेवतो, सार तसेच राहते. त्याच्या लेखी ते पाणीच. निशी-कासाईत आता डाळी, पोहे, कढीपत्ता सहज मिळतो. टोकियो मराठी मंडळाचा गणेशोत्सव होतो, मोदक होतात. पण या सुखसोयींची एक किंमत आहे. वस्तीत सारे मिळू लागले की, वस्तीबाहेरची भाषा शिकण्याची निकड कमी होते. २००४ आणि २००६ मध्ये टोकियोत भारतीय अभ्यासक्रमाच्या दोन शाळा निघाल्या. बदली झाली तर मुलाचे वर्ष बुडू नये, इंग्रजी सुटू नये, हा पालकांचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. जपानी कायद्यात सक्तीचे शिक्षण परदेशी मुलांना लागू नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत सुमारे १९ हजार परदेशी मुले कोणत्याही शाळेत नसावीत, असे आढळले होते; त्या दु:खद यादीत भारतीय मुले फारशी नसावीत, एवढाच दिलासा. मात्र दहा वर्षे टोकियोत वाढून जपानी वृत्तपत्र वाचता न येणारी मुले या वस्तीत आहेत आणि त्यांच्या पालकांना त्याची खंत वाटते ती उशिरा.

यात सर्वांत कमी चर्चा होते ती पत्नीच्या परवान्याची. नवरा अभियंता म्हणून जातो, पत्नी ‘अवलंबित’ म्हणून. तिला स्वतंत्र अनुमती घेऊन आठवड्याला २८ तासच काम करता येते. पुण्यातील नोकरी सोडून गेलेली एखादी अभियंता किंवा शिक्षिका तेथे दिवसभर घरात असते आणि वर सांगितलेली पाकिटे, चिठ्ठ्या, सूचनावह्या, शाळेचे निरोप, दवाखाना या साऱ्याशी झगडते ती तीच. कार्यालयात इंग्रजीवर भागविणाऱ्या नवऱ्यापेक्षा तिचे जपानी बहुधा चांगले असते. त्या जपानीला मोबदला नाही आणि पदवीही नाही.

पुराणिक यांच्या विजयाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. ते २००१ पासून जपानमध्ये स्थायिक आहेत. निवडणूक लढविता यावी यासाठी नागरिकत्व लागते आणि ते त्यांनी २०१२ मध्ये घेतले होते. भारत आणि जपान दोघेही दुहेरी नागरिकत्व मानत नाहीत, म्हणजे एक पारपत्र सोडल्याखेरीज दुसरे हाती येत नाही. परदेशी रहिवासी कितीही वर्षे कर भरत असला तरी त्याला वॉर्डाच्या निवडणुकीतही मत नाही. कायम निवासी परदेशी व्यक्तींना स्थानिक मताधिकार देण्यास राज्यघटनेची आडकाठी नाही, असे जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये म्हटले होते; तसा कायदा मात्र झालेला नाही. पुराणिक २०२१ मध्ये टोकियो महानगर सभेची निवडणूक हरले. पुढे २०२३ मध्ये ते इबाराकी प्रांतातील एका नामांकित सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. एका मराठी माणसाने जपानी मुलांच्या शाळेचा कारभार पाहणे ही निवडणुकीहून मोठी घटना आहे, असे मला वाटते. पण बातमी छोटी झाली. उलट दिशेचे उदाहरण आपल्या नागपुरात आहे. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरई ससाई यांनी भारतीय नागरिकत्व घेतले आणि दीक्षाभूमीच्या जनसमुदायाने त्यांना आपले मानले. त्यांना कोणी हमीदार मागितला नाही.

वस्तू मात्र सीमा सहज ओलांडतात. जपानच्या नारा या जुन्या राजधानीत शोसोइन नावाचे लाकडी भांडार आहे. सम्राट शोमूच्या मृत्यूनंतर, इसवी सन ७५६ मध्ये, सम्राज्ञी कोम्योने तोदाइजी मंदिराला ज्या औषधांचे दान केले त्यांची साठ नावांची यादी अजून उपलब्ध आहे. त्या यादीत ‘कारिरोकू’ आहे. हा शब्द ‘हरीतकी’चाच चिनी वाटेने गेलेला अवशेष, म्हणजे आपला हिरडा. त्याचे फळही त्या भांडारात जतन झालेले आहे. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, जेथे डोंगर तुटून खाली कोकण दिसते, त्या आहुप्याच्या रानात महादेव कोळी कुटुंबे आजही हिरडा गोळा करून विकतात. नाऱ्याचे फळ आहुप्याचे होते असा दावा कोणी करू नये. जात तीच, एवढे खरे. आहुप्याच्या झाडाला निदान नावाने तरी जपानने बाराशे वर्षांपूर्वी आपले केले आहे. झाड तोडणारा, फळ वेचणारा माणूस गेला तर त्याला मात्र हमीदार लागेल.

करीचेही तेच. ब्रिटिशांना गुंगारा देऊन १९१५ मध्ये जपानला पोहोचलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना शिंजुकूच्या नाकामुराया बेकरीच्या सोमा कुटुंबाने लपविले. त्यांनी त्या घरची मुलगी केली, १९२३ मध्ये ते जपानी नागरिक झाले आणि १९२७ पासून नाकामुरायात त्यांची ‘भारतीय करी’ मिळू लागली. आज करी-भात हा जपानी मुलांचा आवडता घरगुती पदार्थ आहे. आणि तरीही ऑक्टोबर २०२५ मध्ये जपानने परदेशी छोट्या व्यावसायिकांच्या परवान्याच्या अटी बदलल्या : किमान भांडवल ५० लाख येनवरून तीन कोटी येन, शिवाय मालक किंवा पूर्णवेळ कर्मचारी यांपैकी एकाला चांगले जपानी येणे बंधनकारक. गैरवापर थांबविणे हा उद्देश सांगितला गेला आणि तो निराधार नाही. पण गल्लीतल्या नान-करीच्या छोट्या उपाहारगृहांना तीन कोटी येन आणायचे कोठून, हा प्रश्न उरतोच. करी राहील, करी करणारा राहील की नाही, ते सांगता येत नाही.

भाषेची अट घालणे चूक आहे, असे या लेखकाचे मत नाही. उलट, भाषा हीच येथे जीव वाचविणारी वस्तू आहे आणि जपानला हे दोन भूकंपांनी शिकविले. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर अफवा पसरल्या आणि जमावांनी कोरियन लोकांना शोधून ठार मारले. संशयितांकडून ‘पंधरा येन पन्नास सेन’ एवढे शब्द म्हणवून घेत. उच्चार अडखळला की संपले. भाषा तेव्हा सापळा झाली होती. जानेवारी १९९५ मध्ये कोबे हादरले, तेव्हा परदेशी रहिवाशांना इशारे ऐकू आले आणि कळले नाहीत. कोठे पाणी मिळते, कोठे जायचे, काय टाळायचे, हे सारे संस्कृतप्रचुर म्हणावे तशा जपानीत सांगितले जात होते. त्यानंतर हिरोसाकी विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ सातो काझुयुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘यासाशी निहोंगो’ म्हणजे ‘सोपी जपानी’ घडविली. ‘यासाशी’ शब्दाला ‘सोपी’ आणि ‘मायाळू’ असे दोन्ही अर्थ आहेत. छोटी वाक्ये, मोजके शब्द, कांजीवर उच्चार. ‘उंच भूभागी आश्रय घ्यावा’ऐवजी ‘उंच जागी पळा’. ‘हिनान’ या अवजड शब्दाच्या जागी ‘निगेरु’ हे रोजचे क्रियापद.

ही कल्पना प्रबंधात पडून राहिली नाही. २०२० मध्ये जपानच्या सरकारी यंत्रणेने रहिवाशांसाठी सोप्या जपानीची मार्गदर्शिका काढली. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला, तेव्हा सार्वजनिक वाहिनीच्या पडद्यावर सोप्या लिपीत ‘त्सुनामी! पळा!’ अशी अक्षरे आली आणि निवेदिका आपला नेहमीचा संथ स्वर सोडून अक्षरश: ओरडत होती. ते सोपेपण केवळ परदेशी लोकांच्या कामी आले असे नाही. म्हातारी माणसे, लहान मुले, कमी ऐकू येणारे यांनाही ते उपयोगी पडले. एदोगावाच्या नकाशावरचे वाक्य त्याच कुळातले आहे.

राजकारणाची भाषा मात्र उलट दिशेने चालली आहे. ‘जायका’ने २०२५ मध्ये चार जपानी शहरांची आफ्रिकी देशांशी ‘गृहनगर’ या नावाने जोडणी केली. त्या एका शब्दावरून आता स्थलांतरितांचे लोंढे येणार, अशी अफवा उठली, पालिकांचे दूरध्वनी दिवसदिवस वाजत राहिले आणि सप्टेंबरमध्ये ती योजनाच मागे घेण्यात आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सानाए ताकाइची पंतप्रधान झाल्या. परदेशी लोकांबाबतचे नियम कडक करणे हा त्यांच्या सरकारच्या कार्यक्रमाचा भाग आहे. यातील प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर त्याला कारण सापडते. एकत्र पाहिले तर निशी-कासाईतील माणसाला पूरनकाशावरचे तेच वाक्य पुन्हा ऐकू येते आणि या वेळी त्याचा पुराशी संबंध नसतो.

आता जे ५० हजार जायचे आहेत ते सारे अभियंते नाहीत. ‘विशिष्ट कौशल्य’ हा परवाना एप्रिल २०१९ पासून सुरू झाला आणि भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, अन्नप्रक्रिया अशी क्षेत्रे त्यात आहेत. या परवान्याच्या पहिल्या श्रेणीत एकूण पाचच वर्षे राहता येते आणि कुटुंब नेता येत नाही. म्हणजे निशी-कासाईचा अभियंता बायकामुलांसह जातो आणि वृद्धाश्रमात जपानी आजोबांना आंघोळ घालणारी मुलगी एकटी जाते. शुश्रूषेच्या क्षेत्रात दुसरी श्रेणी नाही. तेथे पाच वर्षांपुढे थांबायचे, कुटुंब बोलवायचे, तर शुश्रूषकाची राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि ती जपानी भाषेत असते. १९९३ पासून चालत आलेली ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ योजना एप्रिल २०२७ पासून बदलणार आहे. तिच्यात मालक बदलता येत नसे, म्हणून दरवर्षी हजारो प्रशिक्षणार्थी पळून जात. नव्या व्यवस्थेत काही अटींवर मालक बदलता येईल. त्या अटींत जपानीची परीक्षाही आहे.

ही मुले-मुली कोठून जातील? कोथरूडमधून थोडी, बहुधा लहान गावांतून अधिक. आणि तेथील माणसाला परक्या शहरात, परक्या भाषेत वावरण्याचा अनुभव नाही असे समजण्याचे कारण नाही. आहुपे आणि त्या खोऱ्यातील गावांतले लोक खरीप आटोपला की नारायणगाव-मंचरच्या बागायती पट्ट्यात मजुरीला उतरतात. डिंभे धरणाचे पाणीही त्याच दिशेने जाते. वनहक्काचा अर्ज, पीकविम्याची अट, निसर्ग चक्रीवादळाने २०२० मध्ये झोडपलेल्या हिरड्याचा पंचनामा, हे सारे ज्या मराठीत लिहिलेले असते ती त्यांच्या घरात बोलली जात नाही. हिरड्याच्या त्या भरपाईसाठी आंदोलने करावी लागली.

घोडेगावहून आहुप्याकडे जाणाऱ्या वाटेवर माळीण आहे. ३० जुलै २०१४ रोजी पहाटे डोंगर गावावर कोसळला आणि १५१ माणसे गेली. बाहेरच्या जगाला कळले ते सकाळी तेथे पोहोचलेल्या एसटीच्या चालकामुळे. गाव जागेवर नव्हते. इशारा कोणत्याच भाषेत आलेला नव्हता. त्यानंतर दहा वर्षांनी, २५ जुलै २०२४ रोजी, पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत मुठेचे पाणी शिरले, तेव्हा इशारा वेळेवर मिळाला नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. आपल्याकडे इशारा येतो तेव्हाही तो ‘विसर्ग’, ‘क्युसेक’, ‘सखल भाग’, ‘सतर्क राहावे’ अशा शब्दांत येतो. अमुक हजार क्युसेक म्हणजे माझ्या जिन्याची कितवी पायरी, हे तो सांगत नाही. नदीकाठच्या झोपडीत आठ दिवसांपूर्वी बिहारहून आलेल्या गवंड्याला तर तो इशारा आहे हेच कळत नाही. एदोगावाने परक्यांसाठी जे केले ते आपण आपल्या माणसांसाठी अद्याप केलेले नाही.

पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा काही दशकांची आहे. रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि पेठांमधील खासगी वर्ग यांतून दरवर्षी मोठ्या संख्येने विद्यार्थी परीक्षांना बसतात. आजवर त्यांच्या डोळ्यांसमोर दुभाषाचे काम किंवा संगणक कंपनी असे. ‘विशिष्ट कौशल्या’ची वाट धरणाऱ्याला साधारण एन-४ पातळीचे जपानी लागते. ‘निगेरु’ हे क्रियापद त्या पातळीच्या पुस्तकांत भेटते. ‘हिनान’ त्याच्या बऱ्याच पुढे येतो. वृद्धाश्रमांच्या भिंतींवर, तळघरांच्या दारांवर आणि बहुतेक पालिकांच्या फलकांवर आज लिहिलेला असतो तो ‘हिनान’च.